फळीची मागची बाजू

आबांना एक खोड होती. नवी फळी बसवायच्या आधी ते ती उलटी करायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि एकदा भिंतीला टेकली की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा त्या बाजूवर तारीख लिहायचे. नुसत्या तारखेवर भागत नसे. खाली एखादी ओळही असायची, त्या दिवशी जे घडलं असेल ते. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले, त्यांची ही शिस्त. पुढून अशी बसव की जुनी कुठली नि नवी कुठली ते भल्याभल्यांना कळू नये, आणि मागून खरं लिही, म्हणजे पुढेमागे कोणी उघडलंच तर त्याची फसगत व्हायला नको.

चाळीस वर्षं आबांनी ही शिस्त पाळली, आणि त्यातली बहुतेक वर्षं एकाच इमारतीत. तिला सगळे गोलघर म्हणायचे. दीडशे वर्षांपूर्वी बांधलेलं गोल, लाकडी सभागृह. आत चारी दिशांना चार सज्जे, मधे व्यासपीठ, वर घुमट. शहरातल्या प्रत्येकानं कधी ना कधी तिथं बसून गाणं ऐकलेलं, भाषणात डुलक्या काढलेल्या, नाहीतर शाळेचं बक्षीस घेताना पायरीला अडखळून आपटी खाल्लेली. वाळवी, ओल आणि माणसं, तिघांनी मिळून ते खायला काढलं होतं, आणि आबा एकटे त्याला पुरे पडत होते. सहा वर्षांपूर्वी छत धोक्याचं ठरलं, दाराला कुलूप लागलं आणि आबा घरी बसले.

त्यांची थोरली मुलगी पालिकेच्या जुन्या वास्तूंच्या खात्यात मोजणीचं काम करायची. कुठली इमारत यादीत ठेवायची, कुठली काढायची हे ठरवायच्या आधी तिचं अंग न् अंग मोजून कागदावर आणायचं, हे तिचं काम. पर्समध्ये कंगवा नसला तरी मोजपट्टी असायचीच, म्हणून कार्यालयात तिला टेपबाई म्हणत. समोर म्हणत, आणि ती हसून ओ देई.

एका सकाळी साहेबांनी तिच्या टेबलावर फाईल ठेवली. शेजारच्या कॉलेजला गोलघराची जागा हवी होती. चारशे मुलामुलींचं वसतिगृह बांधायचं होतं.

"तुमच्या वडिलांचं काम आहे तिथं, माहितीये मला," साहेब म्हणाले. "दुसऱ्या कोणाला देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "दुसरा कोणी पटाशी घालून फळ्या फोडेल."

कॉलेज चुकतंय असं म्हणायची तिची छाती नव्हती. चुकत नव्हतं याचा पुरावा रोज तिच्याच स्वयंपाकघरात झोपत होता. धाकट्या बहिणीची मुलगी याच कॉलेजात शिकायला आलेली. शहरभर वणवण करून तिला एका गॅरेजच्या माळ्यावर पाच जणींत एक गादी मिळाली होती. तिथं भिंतीतून पाणी झिरपायला लागलं तशी ती बोचकं उचलून मावशीच्या दारात उभी राहिली. घर दोन खोल्यांचं. पुढं आबा, मागं मावशी, आणि भाचीबाई स्वयंपाकघरात, डोकं फ्रिजपाशी नि पाय टेबलाखाली. अखंड बडबडीमुळं आबांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं.

"आजोबा, तुमच्या त्या गोलघरात सहा वर्षं फक्त कबुतरं राहतायत," टिटवी म्हणायची. "फुकट! आणि मला कूस बदलायची तर आधी खुर्ची हलवावी लागते."

वसतिगृहासाठी सह्या गोळा करण्यात तीच पुढं. एकदा तिनं कागद आबांच्याही पुढ्यात धरला. आबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सही नाही करणार," ते म्हणाले, "पण तुझं पेन चालत नाहीये, ही पेन्सिल घे."

खात्याचा नियम साधा होता. इमारतीचे निदान निम्मे भाग मूळ बांधणीतले असतील तरच ती यादीत राहणार. नाहीतर ती जुनी नव्हेच, जुन्यासारखी दिसणारी. गोलघराच्या लाकडी भागांना टेपबाईनं क्रमांक घातले, ते भरले सहाशे चाळीस. म्हणजे तीनशे वीसच्या वर बदललेले निघाले की खेळ खलास. आबांनी फार तर शंभर बदलले असतील अशी तिची समजूत होती. लहानपणापासून ती त्यांना तिथं रंधा मारताना बघत आली होती, पण पोरांना बापाचं काम असं कितीसं कळतं?

पहिल्या दिवशी तिनं पूर्वेकडच्या सज्ज्याखालची फळी हलक्या हातानं सोडवली आणि उलटी केली. मागं आबांचं गोल, लहान मुलासारखं अक्षर. तारीख, आणि खाली, 'पोरीला दात आला. वरचा.'

ती तिथंच धुळीत बसली. तो दात तिचा होता.

मग रोज तेच. ती एक एक फळी सोडवायची, मागून बघायची, वहीत 'बदललेली' असं लिहायची आणि पुन्हा होती तशी बसवायची. 'धाकटी झाली. दोघी ठीक.' 'आज हिनं डब्यात मीठ विसरलं. तसंच खाल्लं.' 'थोरलीला पालिकेत नोकरी लागली. मोजायला!' त्या 'मोजायला'पुढचं उद्गारचिन्ह इतकं जोरात काढलं होतं की पेन्सिलीचं टोक लाकडात रुतलं होतं. तिचं सगळं घर त्या भिंतींच्या पाठीशी उभं होतं, आणि ओळी वाचता वाचता तिला हसू यायचं नि लगेच मावळायचंही, कारण अशी प्रत्येक ओळ म्हणजे गोलघराच्या पायावर एक घाव होता. आबांनी जितकं जीव लावून काम केलं होतं, तितकं गोलघर मरणाच्या जवळ सरकत होतं.

संध्याकाळी घरी आली की आबा पुढच्या खोलीतूनच विचारायचे, "मागून बघितलंस का?"

"बघितलं, आबा."

"सापडलं माझं?"

"सापडलं."

"सगळं लिहून घे हं. कळू दे त्यांना, किती निगराणी केलीय ती. मग हात लावायची हिंमत होणार नाही कोणाची."

आबांना वाटत होतं, त्यांच्या तारखाच गोलघराला वाचवतील. नियम त्यांना ठाऊक नव्हता आणि तिनं सांगितला नाही. रोज ठरवायची, आज सांगू, आणि त्यांचा खुललेला चेहरा बघून चहा ठेवायला आत निघून जायची. तुम्ही इतकं चांगलं काम केलंत म्हणून ते पडणार, हे बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि समजा सांगितलं, तर ते तरीही म्हणतील, खरं तेच लिही. त्याचीच तिला जास्त भीती होती.

पूर्व, उत्तर, पश्चिम आणि व्यासपीठ उरकलं तेव्हा बदललेल्यांचा आकडा दोनशे एक्क्याण्णव झाला होता. राहिला दक्षिणेचा सज्जा. त्याचे भाग चौऱ्याहत्तर. त्यातले तीसच नवे निघाले तरी संपलं.

त्या सज्ज्याच्या पहिल्या फळीला तिनं हात घातला. फळी निघायला तयार होती, एक खिळा तेवढा राहिला होता. तिनं तो परत आत ठोकला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एका इंचाचीही लबाडी न केलेल्या बाईनं वहीत लिहिलं, 'दक्षिण सज्जा उघडण्याजोगा नाही. पाहणीवरून मूळ वाटतो.' त्यातला 'वाटतो' जरा वाकडा आला. तिनं तो तसाच राहू दिला.

निकालाआधी पालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी होती. कोणीही यावं, बोलावं. आबांना तिनं निक्षून सांगितलं होतं की जिना उंच आहे, गर्दी असेल, तुमचं काही काम नाही. त्यांनी मान डोलावली. पण टिटवीला मुलांच्या बाजूनं बोलायचं होतं, आणि आबांनी इस्त्रीचा सदरा घालून तिच्यापुढं हात केला, "मलाही ने. काही बोलणार नाही, नुसतं ऐकेन." टिटवीनं बिचारीनं नेलं. तिलाही नियम नीट ठाऊक नव्हता.

अध्यक्षबाई शांत स्वभावाच्या होत्या. मुलांचं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक मुलगा तीन महिने वाचनालयाच्या जिन्याखाली झोपला होता. एकीनं जागेपायी वर्ष सोडलं होतं. टिटवीही बोलली, फ्रिजचं सांगितलं, आणि लोक हसले तशी ती बावचळून खाली बसली. मग अध्यक्षबाईंनी मोजणीचा अहवाल वाचायला घेतला. एकूण भाग इतके, बदललेले इतके, दक्षिण सज्जा पाहणीवरून मूळ. "म्हणजे निम्म्याहून जास्त भाग मूळ ठरतात," त्या म्हणाल्या. कॉलेजच्या इंजिनियरनं कपाळाला आठ्या घालून कागद मिटले.

टेपबाईनं कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिनं वळून बघितलं. आबा उभे होते.

"बाई, तेवढी एक दुरुस्ती करा," ते म्हणाले. कानात ऐकायचं यंत्र असूनही ते जरा मोठ्यानंच बोलत. "दक्षिणेचा सज्जा जुना नाही. तो माझा आहे."

"आबा!" ती पुटपुटली.

"मोजणी माझ्या मुलीनं केलीय. तिचं काम चोख असतं, तिला बोल लावू नका. उघडता आला नसेल, म्हणून चुकली. तिची आई गेली त्या वर्षी केला मी तो. अख्खा सज्जा, कठड्यासकट." त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता. "ओळखू येणार नाही कोणाला. तेच तर काम आहे आमचं. पण मागून तारखा आहेत. बघा हवं तर."

अध्यक्षबाईंचं पेन थांबलं. "आजोबा, साधारण किती भाग असतील?"

"साधारण कशाला? चौऱ्याहत्तर."

सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ती बेरीज करता आली, एका आबांखेरीज. ते लोकांकडं बघत, कोणीतरी शाबास म्हणेल अशी वाट बघत उभे होते. टाळी वाजली नाही. जिन्याखाली झोपलेल्या मुलानंही मान खाली घातली. टिटवीनं आबांचा सदरा हळूच ओढला आणि त्यांना खाली बसवलं. तिचं वसतिगृह झालं होतं, आणि तिला रडू आवरत नव्हतं.

परत येताना आबा तिघांत पुढं चालत होते. कोपऱ्यावर थांबून त्यांनी लेकीला विचारलं, "एवढी कशी चुकलीस गं? मागून बघितलं नाहीस का?"

"राहून गेलं, आबा."

"असं राहून चालत नाही," ते म्हणाले, रागानं नाही, कामातलं शिकवतात तसं. ती हो म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दक्षिण सज्जा उघडून बघितला गेला. चौऱ्याहत्तरही मागून आबांच्या अक्षरात. साहेबांनी तिला आत बोलावून दार लावलं. "'वाटतो' म्हणजे काय हो, टेपबाई? तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?" त्यांनी मग फार ताणून धरलं नाही. गोलघराचं नाव यादीतून गेलं.

ते आबांना तिनंच सांगितलं. ते खिडकीकडं वळले. मग म्हणाले, "मी उठून बोललो, त्यानं काही झालं का?"

"छे हो. तुमचा काय संबंध? ते आधीच ठरलेलं होतं. सुनावणी आपली नावाला."

"खरं?"

"खरं."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि मग कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. त्यानंतर घरात गोलघराचा विषय निघाला नाही. आबांचं जेवण निम्म्यावर आलं. टिटवीची बडबडही आटली, आणि ते तर घराला फारच जड गेलं.

पाडापाडी सुरू झाली तेव्हा आबा गेले नाहीत. ती रोज जेवणाच्या सुट्टीत जायची. फळ्या निघायच्या, ढिगावर उलट्या पडायच्या, आणि इतकी वर्षं अंधारात राहिलेल्या ओळी भर उन्हात उघड्या पडायच्या. एक मजूर कमरेवर हात ठेवून 'वरचा दात' वाचत होता. "बघ रे, कोणीतरी भिंतीला घरच्या गोष्टी सांगितल्यात," तो दुसऱ्याला म्हणाला. ते ऐकून तिला तिथं थांबवेना. मुकादमाला विनवून तिनं दक्षिण सज्ज्याच्या फळ्या तेवढ्या मागून घेतल्या आणि टेम्पोत घालून घरी आणल्या.

आबांनी त्या फळ्यांवरून हात फिरवला. एक उलटी केली, वाचली, पुन्हा सुलटी केली. महिनाभर त्या भिंतीला टेकून राहिल्या. मग एके दिवशी ती कामावरून आली तर पुढच्या खोलीभर लाकडाचा भुसा पडलेला, आणि आबा कानामागं पेन्सिल खोचून माप घेत होते.

"टिटवीला अभ्यासाला टेबल करतोय," ते म्हणाले. "वसतिगृहात लोखंडाचं देतील. लोखंडाच्या टेबलावर काय अभ्यास होतोय कपाळ!"

हात थरथरायचे, म्हणून तीन दिवसांच्या कामाला दोन महिने लागले. पण टेबल असं झालं की सांध्यात नख शिरू नये.

दीड वर्षानं वसतिगृह उभं राहिलं. इमारत वाईट नव्हती हो, खोटं कशाला बोला. खिडक्या मोठ्या, जिन्यात उजेड, आणि प्रत्येक मजल्यावरून पोरींच्या हसण्याचा आवाज. टिटवीला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, जिथं अंदाजानं दक्षिणेचा सज्जा होता त्याच बाजूला. आबांच्यानं जिना चढवत नव्हता, म्हणून सामान लावायला मावशी एकटीच गेली. टेबल खिडकीपाशी ठेवलं तर ते किंचित हललं.

"आबांचं टेबल हलणार नाही. फरशीच वाकडी असेल," ती म्हणाली आणि पायाखाली घालायला कागदाची घडी घेऊन खाली वाकली. वाकल्यावर तिला टेबलाची खालची बाजू दिसली. जुन्या फळीची ती मागची बाजू होती.

वर जुनी तारीख, आई गेली त्या दिवसाची. खाली ठाशीव अक्षर, 'आज ही गेली. फळी अर्धी राहिली होती, ती पुरी केली. दुसरं काय करणार.'

त्याच्या खाली दुसरी तारीख, गेल्या वर्षीची. अक्षर थरथरतं, ओळ वर चढत गेलेली.

'गोलघर माझ्या बोलण्यानं पडलं. पोरगी नाही म्हणाली. ती माझ्यासाठी खोटं बोलली. म्हणून इथं खरं लिहून ठेवतो.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि फरशीवर बसूनच राहिली.

टिटवी दारात उशी कवटाळून उभी होती. "त्यांनी मला विचारलं होतं, मावशी. नियम काय होता म्हणून. तोवर मला कळला होता, आणि मला खोटं बोलता आलं नाही गं. तुला सांगू नकोस म्हणाले."

"बरं केलंस," मावशी म्हणाली. डोळे पुसले, कागदाची घडी पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं.

ती घरी आली तेव्हा आबा पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते. तिची चाहूल लागली तसं त्यांनी डबीतून यंत्र काढून कानात घातलं.

"लागलं सामान?"

"लागलं."

"टेबल हलत नाही ना?"

"नाही. फरशी जरा वाकडी होती."

मग तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "मागून बघितलंस का?"

एकदा खोटं बोलून तिनं त्यांना दीड वर्ष एकटं ठेवलं होतं.

"बघितलं, आबा."

त्यांनी मान हलवली आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली. ती बसली. स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला आणि दोघं तो ऐकत बसून राहिले.